सातबाऱ्यावरचे सात आर गेले कुठे? बांध, टिपण आणि मोजणी

प्रश्न असा आला आहे. कराड तालुक्यात वडिलोपार्जित गट आहे, सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २० आर. मुलाने मोबाइलवरचे अ‍ॅप चालू करून शेताला फेरी मारली, तर १ हेक्टर १३ आर भरले. शेजारी दरवर्षी नांगरटीला बांध कोरतो, ही शंका आधीपासून आहेच. तेव्हा हे सात आर त्याच्याकडे गेले असे धरायचे का? सरकारी मोजणी मागवली तर मशीन ते काढून देईल का? ओळखीचा खासगी सर्वेअर एका दिवसात मोजून द्यायला तयार आहे, मग सरकारी मोजणीची वाट कशाला बघायची? शेवटी, मुलाला या कामाची ओढ आहे, त्याने काय शिकावे?

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, म्हणून लागलो आणि निमतानदार, म्हणजे झालेली मोजणी पुन्हा तपासणारा, म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाली. पाटणचे डोंगरउतार, कृष्णाकाठची मळी, तासगावच्या द्राक्षबागा, जतचा माळ, सगळीकडे आधी साखळी धरली आणि पुढे मशीन लावले. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन माणसे माझ्या टेबलापाशी रोज यायची. त्यांना उभ्या-उभ्या उत्तर देता येत नसे, आज इथे सविस्तर देतो.

आधी मोबाइलचे बघू. तुमचा गट साधारण १२० मीटर बाय १०० मीटर धरू, म्हणजे बरोबर १ हेक्टर २० आर. मुलगा चालला असेल बांधाच्या आतून. बांधावर घाणेरी, बोरी, बाभळी असतात, मधोमध चालता येतच नाही. बांधाच्या मध्यापासून तो दीड मीटर आत चालला असे समजा. मग त्याने मोजले ११७ बाय ९७ मीटर, म्हणजे ११,३४९ चौरस मीटर. गेले ६५१ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा आर. शेजाऱ्याने एक ढेकूळही हलवले नसले तरी तुमचे सात आर असे जवळजवळ पूर्ण हिशेबात बसतात. वर मोबाइलची स्वतःची चूक आहेच. मोकळ्या रानात तो आपली जागा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली आणखी जास्त. एकरी किती खत टाकायचे, किती ठिबक लागेल, याला तो आकडा चालेल. शेजाऱ्याशी बोलायला जाताना तो आकडा घेऊन जाऊ नका.

याचा अर्थ शेजारी बांध कोरत नाही असा नाही. कोरत असेल तर किती जाते तेही सांगतो. ३३० फूट लांबीचा बांध आहे आणि वर्षाला सहा इंच कोरला जातो. वीस वर्षांत ३,३०० चौरस फूट, म्हणजे तीन गुंठे गेले. सहा इंच म्हणजे नांगराच्या एका फाळाची रुंदीसुद्धा नाही, त्यामुळे त्या-त्या वर्षी ते कुणाच्या डोळ्यात येत नाही. वडिलांच्या काळात ज्या बांधावरून बैलगाडीचे जू घेऊन माणूस चालायचा, तिथे आज पाऊल मावत नाही, हे मी कितीतरी गावांत पाहिले. तेव्हा तुमची शंका खरी असू शकते. फक्त तिचा पुरावा मोबाइलमध्ये नाही.

तो कुठे आहे हे समजायला सातबाऱ्यावरचा आकडा आला कुठून, ते बघावे लागते.

आपल्याकडची पद्धतशीर मोजणी इंग्रज अमदानीत बसली. त्याआधीही मोजणी होतीच. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली काठीने जमीन मोजली गेली, वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा असा हिशेब होता. आज आपण जो नकाशा आणि जे क्षेत्र वापरतो, त्याची पद्धत मात्र १८३६च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी घालून दिली. त्याआधी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली मोजणी सदोष ठरली होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि पुढे ही पद्धत आपल्या मुलखात आली. औंध, सांगली, मिरज, जत ही संस्थाने मात्र राहिली. त्यामुळे आजच्या सातारा-सांगलीत शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद वेगवेगळ्या दरबारांचे निघतात, काही मोडीत असतात. सांगली जिल्हा झाला १९४९ मध्ये, तोही दक्षिण सातारा या नावाने. सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा: ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मोजणीदार शेतातून एक लांब सरळ रेघ टाकायचा, शंकू (काटकोन साधायचे साधन) उभा करून त्या रेघेवरून प्रत्येक कोपऱ्याला काटकोनात लंब घ्यायचा आणि हे आकडे एका कच्च्या आकृतीवर लिहायचा. ते टिपण. पाया दहा साखळ्या आणि लंब तीन साखळ्या असला की त्या त्रिकोणाचे क्षेत्र पंधरा गुंठे, इतका सोपा हिशेब. असे त्रिकोण-चौकोन मिळवून गुणाकार बुकात क्षेत्र निघाले, तिथून आकारबंदाला (प्रत्येक नंबरचे क्षेत्र आणि सारा लिहिलेल्या सरकारी नोंदीला) चढले आणि आकारबंदावरून सातबाऱ्याला आले. म्हणजे सातबाऱ्यावरचा आकडा हा या कागदांतला शेवटचा, उतरवून घेतलेला आकडा आहे. मूळ कागद टिपण.

आता लक्षात घ्या की एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. बहुतेक टिपणांवरचे आकडे साखळ्या-आण्यांतच आहेत. ज्याने ते लिहिले त्याने अर्ध्या आण्याचे इकडेतिकडे केले असेल, तर तो एक फूट झाला. ३३० फूट लांबीला एक फूट म्हणजे तीनशे तीस चौरस फूट, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाला थोडे कमी. ही चूक मोजणाऱ्याच्या आळसाची नव्हे, त्या मापाच्या बारकाव्याची मर्यादा आहे. तेव्हा जमीन स्वस्त होती आणि सरकारला सारा बसवायचा होता. हायवेकडेला गुंठ्याचा भाव लाखांत जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

म्हणूनच "मशीन बरोबर काढून देईल ना?" या प्रश्नाला माझे उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. आताचे रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारे मशीन, सेंटिमीटरमध्ये बोलते. राज्यात ७७ कॉर्स स्थानके, म्हणजे सतत उपग्रहांचे संदेश घेणारी पक्की केंद्रे, उभी आहेत, त्यांच्याकडून मोबाइल नेटवर्कवर दुरुस्ती येते आणि उभ्या जागी बिंदू मिळतो. मी ज्या कामाला साखळी घेऊन चार माणसांसह तीन दिवस घालवायचो, ते एक मुलगा दुपारपर्यंत करतो. पण मशीन सांगते ते एवढेच: आज हा बांध इथे आहे. बांध कुठे असायला हवा, हे त्याला कुणीतरी टिपणावरून सांगावे लागते. दोन फुटांच्या बारकाव्याने लिहिलेल्या हद्दीला दोन सेंटिमीटरचे यंत्र लावले म्हणून ती हद्द दोन सेंटिमीटरची होत नाही. मोजणीदाराचे खरे काम आहे ते जुन्या मोजणीदाराच्या पावलांमागे जाऊन त्याने जिथे कोपरा धरला होता ती जागा शोधण्याचे. मी नवीन मुलांना नेहमी हेच सांगायचो की आपण जमीन मोजायला जात नाही, हद्द शोधायला जातो.

क्षेत्र आणि हद्द यांतला हा फरक समजला की निम्मी भांडणे मिटतात. शेतकरी म्हणतो, "साहेब, माझं सातबाऱ्यावर हाय तेवढं भरून द्या." भरून देणे हे मोजणीत नसतेच. चारही बाजूंच्या हद्दी टिपणाप्रमाणे जागेवर बसल्या आणि आत १ हेक्टर १८ आर निघाले, तर तुमची जमीन तेवढीच. उरलेले दोन आर कुणीही चोरलेले नाहीत. एखाद्याने आकडा भरण्यासाठी तुमची रेघ शेजाऱ्यात ढकलली, तर त्याने तुमचे भले केले असे समजू नका. वाळवा तालुक्यात दोन भावांना एका खासगी माणसाने असेच क्षेत्र भरून दिले होते. त्यांनी सिमेंटचे खांब रोवून तार ओढली. दोन वर्षांनी शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली आणि ते सगळे खांब उपटायची पाळी आली. खांबांचे पैसे गेले ते गेलेच. घरातल्या लग्नाला एकमेकांकडे न जाण्यापर्यंत गोष्ट गेली, त्याचे मला अजून वाईट वाटते.

तुमच्या सात आरांची आणखीही कारणे असू शकतात, आणि ती कागदावरच तपासता येतात.

एक म्हणजे भूसंपादन. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, धोम, उरमोडी, या योजनांचे कालवे आणि पोटपाट आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतांच्या मधून गेले. रस्ते रुंद झाले. जमीन गेली, मोबदलाही मिळाला, पण कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) होऊन ते क्षेत्र सातबाऱ्यावरून वजा झाले नाही, अशी उदाहरणे मी बरीच हाताळली. आजोबांनी पैसे घेतलेले असतात आणि नातवाला ते ठाऊक नसते. तुमच्या गटाला पाट किंवा रस्ता लागून असेल तर आधी हेच बघा.

दुसरे म्हणजे एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुम्ही 'गट' म्हणता त्या अर्थी तुमच्या गावात योजना लागू झालेली आहे. त्या वेळी तुकड्यांची अदलाबदल झाली. ती कागदावर झाली आणि रानात झालीच नाही, असेही घडले. जो तो आपल्या जुन्याच तुकड्यात पेरत राहिला. अशा गावात नुसत्या गट नकाशावर विसंबता येत नाही. मूळ सर्व्हे नंबरचे टिपण, फाळणी (हिस्से पाडल्याचा मोजणी-कागद) आणि एकत्रीकरणाच्या वेळचे जबाब-उतारे एकत्र ठेवून बघावे लागते. माझ्या अनुभवात सर्वांत किचकट मोजण्या याच. दोन्ही बाजू खरे बोलत असतात आणि कागद तिसरेच काहीतरी सांगत असतो.

तिसरे म्हणजे पोटहिस्सा, म्हणजे एकाच गटात वाटणीने पडलेला वेगळा हिस्सा. तुमचा गट पूर्ण एका सातबाऱ्यावर आहे की त्यात चुलत्यांचा हिस्सा वेगळा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. वेगळा असेल तर हे नीट वाचा. वाटणीची नोंद तलाठ्याकडे झाली, फेरफार मंजूर झाला, प्रत्येकाचा सातबारा निराळा निघाला, म्हणून नकाशावर रेघ पडली असे होत नाही. सातबारा फुटतो, नकाशा फुटत नाही. पोटहिस्सा मोजणी होऊन फाळणी झालेली नसेल, तर भावाभावांतली हद्द सरकारी दप्तरात नाहीच. मग हद्द कायम करायला आलेला मोजणीदार फक्त बाहेरची हद्द दाखवू शकतो. आतली कुठून दाखवणार? तिथे सर्वांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी मागवायची किंवा वाटपाचा हुकूम आणायचा.

आणि अगदी साधी चूक, पण फार जणांची: एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांची सरमिसळ. '१-२०' असे जुन्या कागदावर असेल तर ते १ एकर २० गुंठे, म्हणजे ६१ आरांच्या आत-बाहेर. तुमचे १ हेक्टर २० आर म्हणजे २ एकर ३८ गुंठ्यांहून थोडे जास्त. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्यामुळे (गुंठा आरापेक्षा किंचित मोठा) बोलताना चालून जाते, खरेदीखतात चालत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणीत काय होते ते सांगतो, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला गोंधळायला होणार नाही. तुम्ही ई-मोजणीवर किंवा कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करता, सोबत ताजा सातबारा जोडता, लगतच्या सर्व खातेदारांची नावे-पत्ते देता. हे पत्ते खरे द्या. शेजारी पुण्या-मुंबईला असेल तर तिथला पत्ता शोधून द्या. नोटीस न मिळाल्याच्या कारणावरून मोजणी अडकते आणि पुढची तारीख लांब पडते. शेजाऱ्याला नोटिशीच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. "दाजी, दोघांच्याही बांधाचा सोक्षमोक्ष लागंल, तुम्ही बी हजर रहा," एवढे बोललात तरी त्या दिवशीचे वातावरण बदलते. पोलीस बंदोबस्तात केलेल्या मोजण्याही मी केल्या आहेत. त्यातली हद्द बरोबर असली तरी ती माणसांच्या मनात बसायला फार वर्षे जातात.

तारीख उसाच्या हिशेबाने मागा. कराड-वाळव्याकडे उभ्या उसात मोजणी म्हणजे भिंतीपलीकडचे बघण्यासारखे आहे. ईटीएसला, म्हणजे तिपाईवरून नेम धरून अंतर आणि कोन मोजणाऱ्या मशीनला, समोरचा प्रिझम (काठीवरचा आरसा) दिसलाच पाहिजे. तोड झाल्यावर, पुढची लागण किंवा खोडव्याची भरणी होण्याआधी रान मोकळे असते, तेव्हा काम एका दिवसात होते. द्राक्षबागेच्या मंडपाखाली लोखंडी अँगल आणि तारांमुळे रोव्हरचा सिग्नल बिघडतो, दाट आंबराईत तसेच. पाटण-जावळीच्या घळीत तर नेटवर्कच नसते. तिथे अजून ईटीएसच कामाला येते.

मोजणीदार आला की आधी वहिवाट मोजतो, म्हणजे आज ज्याचा ताबा जसा आहे तसे बांध. त्याबरोबर तो तुमच्या शेताबाहेरही हिंडेल. लोकांना याचा राग येतो: "आमची मोजणी सोडून हे साहेब त्या कडेच्या विहिरीवर काय करतात?" तो तिथे आधार शोधत असतो. गावच्या शिवेचा दगड, टिपणावर दाखवलेली जुनी विहीर, न हललेला नाला-रस्त्याचा तिठा, शेजारच्या गटांचे शाबूत कोपरे. अशा पक्क्या खुणा जितक्या जास्त तितका जुना नकाशा नव्या मोजणीवर नीट बसतो. मग ऑफिसात तो नकाशा बसवला जातो आणि पुन्हा जागेवर येऊन खुणा दाखवल्या जातात. शेवटी मिळते ती 'क' प्रत. तिच्यावर हद्द आणि वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी असतात, त्यांच्यातला पट्टा म्हणजे अतिक्रमण, आणि त्याचे क्षेत्रही लिहिलेले असते. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तो पट्टा देईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अतिक्रमण निघाले तरी मोजणीदार ते काढून देत नाही. त्याला तो अधिकार नाही. शेजारी मानला तर त्याच दिवशी चुन्याची फक्की टाकून दगड रोवून घ्या, पंचांच्या सह्या घ्या. नाही मानला तर 'क' प्रत घेऊन पुढचा मार्ग महसूल अधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी न्यायालयात आहे. शेजाऱ्याला मोजणी पटली नाही तर तोही वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना, म्हणजे फेरतपासणीची, मोजणी मागू शकतो, तसा तुम्हालाही तो हक्क आहे. मी निमतानदार असताना पहिल्या मोजणीदाराची मापे बहुतेक वेळा बरोबर सापडायची. चूक असली तर ती आधारात असायची: हललेला दगड त्याने पक्का धरलेला असायचा.

दगडांवरून आठवले ते पलूस तालुक्यातले नदीकाठचे एक गाव. २०१९ च्या महापुरानंतर तिथली मळी गाळाने अशी सारवली गेली होती की चार शेतकऱ्यांना आपले बांधच सापडेनात. सगळे एक सपाट रान. सगळ्यांचे म्हणणे, आता दगड वाहून गेला, तुम्ही मशीनवर द्या ते आम्हाला मान्य. मी मशीनवर देऊ शकलो असतो. पण टिपणात त्या कोपऱ्यावर दगड लिहिलेला होता, आणि घडीव दगड सहसा पुराने हलत नाही, पुरला जातो. रस्त्याकडेचा एक दगड, टिपणातली विहीर आणि गावशिवेची खूण या तीन जागांवरून अंतरे काढली, ती जिथे मिळाली तिथे पहार मारायला सांगितली. तिसऱ्या घावाला ठणकन आवाज आला. दोन फूट गाळाखाली दगड जसाच्या तसा उभा होता. त्यातले एक म्हातारे आबा खाली बसले, त्यांनी हाताने त्याच्यावरचा चिखल पुसला आणि म्हणाले, "आमच्या आज्यानं दावला हुता ह्यो." चौघांचाही वाद तिथेच संपला. कागदावरची कुठलीही रेघ हे करू शकली नसती.

म्हणून बांधावर जुना दगड दिसला तर तो कधीही हलवू नका, औताला आडवा येतो म्हणून बांधावर फेकून देऊ नका. हद्दीच्या खुणा सांभाळणे ही कायद्यानेच खातेदाराची जबाबदारी आहे आणि त्या मोडणाऱ्याला दंड आहे. जेसीबीने सपाटीकरण करताना सर्वांत जास्त दगड गेले. त्याआधी किमान त्या जागेचे फोटो आणि दोन-तीन पक्क्या खुणांपासूनची अंतरे लिहून ठेवा.

माझी एक चूकही सांगतो, कारण डोंगराकडच्या वाचकांना ती उपयोगी पडेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाटण तालुक्यात एका उताराच्या शेतात मी साखळी जमिनीला टेकवून ओढली आणि दहा साखळ्यांवर खुंटी मारली. नकाशा आणि क्षेत्र हे नेहमी आडव्या अंतराचे असते, उतारावरच्या अंतराचे नाही. वीस अंशाचा उतार असेल तर जमिनीवर चाललेले शंभर मीटर आडवे मोजले की चौऱ्याण्णवच भरतात. माझी खुंटी वीस फूट अलीकडे पडली होती. माझ्या वरिष्ठांनी ती बघितली, काही न बोलता ओळंबा हातात दिला आणि पायरी-पायरीने, साखळी आडवी धरून, सगळी ओळ पुन्हा माझ्याकडून मोजून घेतली. त्या शेतकऱ्याचे वीस फूट माझ्या हातून जाणार होते. तो बिचारा "साहेब म्हणतील ते" म्हणून गप्प उभा होता, आणि मला त्याचेच जास्त लागले. आज ईटीएस आडवे अंतर स्वतः काढते, पण उतारावर टेप टाकून वाटण्या करणारे अजूनही आहेत. वरचा भाऊ आणि खालचा भाऊ सारखी टेप मोजून घेतात, आणि जास्त उतार ज्याच्याकडे, त्याच्याकडे नकाशावर कमी जमीन येते.

खासगी सर्वेअरबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांच्यात उत्तम काम करणारी मुले आहेत, काही माझ्या हाताखाली शिकलेली. शेततळ्याची जागा, पाइपलाइनचे लेव्हल, समपातळीचा नकाशा, प्लॉटची आखणी, घराचा पाया, यासाठी त्यांनाच बोलवा. तुमची आजची वहिवाट नेमकी किती आहे, हेही ते मोबाइलपेक्षा कितीतरी बरे सांगतील. पण वादातल्या हद्दीसाठी लागतो तो मूळ अभिलेख, आणि तो भूमी अभिलेख कार्यालयाच्या ताब्यात असतो. टिपण न बघता हद्द दाखवणारा माणूस फार तर सातबाऱ्याचा आकडा भरून देतो, आणि त्याचे काय होते ते वर सांगितलेच. ऑनलाइन गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकून "हे बघा तुमचे शेत" म्हणणाऱ्यांपासूनही जपा. आपल्या बऱ्याच गावांचे नकाशे १:७,९२० प्रमाणाचे, म्हणजे एका इंचाला ६६० फूट. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ रानात चार मीटर रुंद होते. त्या रेघेच्या जाडीतच तुमचा सगळा वाद मावतो.

मुलाबद्दल. भूकरमापकाच्या भरतीला स्थापत्य पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड चालतो. कराडला शासकीय तंत्रनिकेतन तुमच्या जवळच आहे. त्रिकोणमिती पक्की करू द्या, कॅड (संगणकावर नकाशा काढणे) शिकू द्या. आणि त्यासोबत मोडी वाचायला शिकू द्या. मशीन चालवणारी मुले खूप मिळतात, जुनी फाळणी वाचून समजावणारा तालुक्यात एखादाच असतो. जमले तर त्याला एकदा शंकू-साखळीने स्वतःचे शेत मोजायला लावा. लंब कसा घेतात हे हाताला कळले की टिपण डोळ्यांना आपोआप दिसू लागते.

तुम्ही आता करायचे ते असे. अर्ज भरण्याआधी तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, गट नकाशा, एकत्रीकरणाचा उतारा, आकारबंद, आणि असेल तर फाळणी व कमी-जास्त पत्रक, यांच्या नकला मागा. आकारबंदाचे क्षेत्र सातबाऱ्याशी जुळते का ते बघा. मग ज्या बांधाबद्दल शंका आहे तिथपासून समोरच्या बांधापर्यंतच्या अंतराचे आकडे टिपणावर शोधा, साखळ्यांना ३३ ने गुणा, उरलेल्या प्रत्येक आण्याला दोन फूट पाऊण इंच धरा. मुलाला बरोबर घ्या, टेप आडवी ताणून धरा आणि समोरासमोरच्या दोन बांधांच्या मध्यापासून मध्यापर्यंत तीन ठिकाणी मोजा: वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला. फरक दोन-तीन फुटांच्या आत असेल तर मोजणीची फी राखून ठेवा आणि शेजाऱ्यासोबत बसून बांध पुन्हा घालून घ्या. तिन्ही ठिकाणी पाच-सहा फुटांहून जास्त निघाला, तर अर्ज करा, आणि ही तीन मापे एका कागदावर लिहून मोजणीच्या दिवशी मोजणीदाराच्या हातात द्या.